दादर: दोन रेल्वे, एक पूल

"मी एक नंबरवर उभी आहे," असं कुणी दादरहून फोनवर सांगितलं, की समोरून ठरलेला प्रश्न येई: "कुठल्या एकवर? वेस्टर्नच्या की सेंट्रलच्या?" दोन्हीकडे एक, दोन्हीकडे चार, दोन्हीकडे पाच. चुकलं की पुन्हा जिना, पुन्हा पूल, आणि तोवर गाडी गेलेली. हातात बॅगा घेऊन बाहेरगावाहून आलेल्यांचे तर फारच हाल होत.

याचं मूळ जुनं आहे. दादरला दोन रेल्वे शेजारीशेजारी धावतात, पण त्या दोन घरच्या. मध्य मार्ग जीआयपी कंपनीचा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच वाटेनं गेली. पश्चिमेचा मार्ग बीबीसीआयचा. १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या, तरी फलाटांचे आकडे ज्याचे त्याच्याकडेच राहिले. ते सलग झाले ९ डिसेंबर २०२३ रोजी. पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले. मध्य रेल्वेचा १ झाला ८ आणि शेवटचा १४. मध्यचा २ क्रमांकाचा फलाट त्याआधीच बंद करून त्याची जागा अरुंद १ नंबरला दिली होती. काम रंगाचं आणि पाट्यांचं होतं. त्याला सत्तर वर्षं लागायला नको होती.

खरं दादर मात्र फलाटांवर नाही, पुलावर आहे. मराठीत दादर म्हणजे जिनासुद्धा, आणि इथं तो अर्थ पायांना कळतो. पहाटे वसईकडून आलेल्या फुलांच्या टोपल्या ओलं फडकं पांघरून पश्चिमेच्या फुलबाजाराकडे उतरतात. पायऱ्यांवर पाण्याचे थेंब आणि चुकार पाकळ्या मागे राहतात. नऊच्या सुमारास त्याच पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. रोजची माणसं मान वर करून फक्त इंडिकेटर बघतात, स्लो की फास्ट, आणि गर्दीच्या कडेनं वाट काढतात.

६ डिसेंबरला हाच पूल वेगळा दिसतो. विदर्भ-मराठवाड्यातून आलेले डॉ. आंबेडकरांचे अनुयायी, कडेवर मुलं, डोक्यावर बोचकी, चैत्यभूमीकडे निघालेले असतात. पाट्यांवरचा आकडा सरळ आणि मोठा असावा तो मुख्यतः त्यांच्यासाठी. रोजचा प्रवासी डोळे मिटूनही पोचतो.

मे २०२५ पासून पश्चिमेला जमिनीखालून मेट्रो ३ ही धावू लागली. पूर्वेला ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ लाच थांबली. खोदादाद सर्कलला लोक आजही 'दादर टीटी' म्हणतात, ट्राम टर्मिनसचं टीटी. फलाटांचंही तसंच चाललं आहे. कुणी नवखा पुलावर नऊ नंबर विचारतो, तेव्हा एखादे काका हात करून दाखवतात आणि स्वतःशीच म्हणतात, "म्हणजे आपला जुना तीन."