घोड्याचा डोळा वाचवणारी सुई

माथेरानचा घोडेवाला असो की वरातीला घोडी देणारा, जनावराचा डोळा गेला की धंदा बसतो. पापणी फाटली तर लोंबणारा तुकडा कापू नका. पापणीविना डोळा कोरडा पडतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. गुंगीचे इंजेक्शन देऊन घोडा उभाच ठेवतात. डोळ्यावरच्या हाडात बोटाला जाणवणारे छिद्र असते. तेथे लिग्नोकेन टोचले की वरच्या पापणीचा मोठा भाग काही मिनिटांत बधिर होतो. तासभर तरी टाके घालता येतात. कानाच्या बुडाजवळ दिलेल्या सुईने पापणीची फडफड थांबते, वेदना मात्र कायम राहते. म्हणून दोन्ही सुयांची गरज पडते. दोरांनी घोडा पाडण्यात हाड मोडण्याची भीती; सुईचा खर्च त्यापुढे किरकोळच.