झिजलेला क्लच व तो बदलण्याची रीत

हल्लीं पुष्कळ बागाईतदारांच्या अंगणांत बैलगाडीच्या जागीं डिझेलवर चालणारी पिकअप उभी असते. तींतहि नव्या गाड्यांपेक्षां दहा-पंधरा वर्षें राबलेल्या व एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेल्या गाड्या कमी नाहींत. अशा गाडीचें इंजिन निगा राखल्यास बरेच दिवस तक्रार करीत नाहीं. परंतु क्लच हा भाग घर्षणावरच चालत असल्यामुळें तो केव्हां ना केव्हां बदलावा लागतोच. प्रश्न इतकाच, कीं तो आपण कामाची गर्दी नसतां आपल्या सोयीनें बदलावयाचा, कीं ऐन वैशाखांत, पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरच्या बाजारास निघालों असतां, आंबा घाटाच्या चढावर त्यानें आपणांस अडवावयाचें.

क्लचची रचना समजण्यास कठीण नाहीं. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील नांवाचें जड चाक फिरत असतें. त्याच्या तोंडाला, दोन्ही बाजूंस घर्षणाचें अस्तर लावलेली क्लच प्लेट टेकलेली असते, आणि प्रेशर प्लेट आपल्या बळकट स्प्रिंगनें तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकून त्या स्प्रिंगच्या बोटांवर रेटा देतें, पकड सुटते, व इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. प्लेट पूर्ण पकडलेली किंवा पूर्ण सुटलेली असतां जवळजवळ झिजत नाहीं; ती झिजते अर्धवट पकडीच्या वेळीं. म्हणून पेडलवर पाय विसावून गाडी हांकणारा, चढावर ब्रेक न लावतां क्लचवरच गाडी तोलून धरणारा, किंवा काळ्या जमिनींत रुतलेली भरली गाडी अर्ध्या क्लचवर मागें-पुढें झुलविणारा मनुष्य कित्येक महिन्यांचें अस्तर पांच-दहा मिनिटांत जाळून टाकतो. मर्यादेपलीकडे ओझें भरण्याचा परिणामहि तोच. बैलाच्या पाठीवर वळ उठलेला दिसतो. येथें मात्र जळका वास सुटेपर्यंत कांहींच दिसत नाहीं.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, हें क्लच घसरत असल्याचें मुख्य लक्षण. खात्री करावयाची असल्यास सपाट जागेवर हँडब्रेक ओढून व चाकांस दगड लावून, समोर कोणी उभें नाहीं हें पाहून, वरचा गिअर घालावा आणि पेडल हळूहळू सोडावें. क्लच चांगला असेल तर इंजिन गचकन बंद पडतें. चालूच राहिलें तर तो घसरत आहे. ही परीक्षा एकदांच करावी, कारण वारंवार केल्यास तीच प्लेट जाळते.

परंतु क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपलीच, असें नव्हे. तारेनें चालणाऱ्या जुन्या रचनेंत पेडलास आरंभीं सुमारें पाऊण ते एक इंच मोकळी चाल असावी लागते. अस्तर झिजत जाईल तसतशीं स्प्रिंगचीं बोटें बेअरिंगकडे सरकतात आणि ही चाल कमी होते. ती नाहींशी झाली म्हणजे बेअरिंग सतत रेटा देत राहतें, व शिल्लक असलेली प्लेटहि घसरूं लागते. अशा वेळीं दोन नट फिरविल्यानें काम भागतें. तेलाच्या दाबानें चालणाऱ्या रचनेंत ही चाल बहुधा आपोआप जुळत असल्यामुळें पेडलावरून झीज कळत नाहीं. याच्या उलट, पेडल पूर्ण दाबूनहि गिअर कर्रकर्र करीत पडत असेल, तर क्लच सुटत नाहीं असें समजावें. तेव्हां आधीं तेल कमी झालें काय, नळींत हवा शिरली काय, सिलिंडर पाझरतो काय, हें पाहावें. पेडल दाबतांच घरघर सुरू होते ती बहुधा रिलीज बेअरिंगची, आणि दाबतांच थांबते ती बहुधा गिअरबॉक्सच्या पुढल्या बेअरिंगची. इतकें ज्यास ठाऊक आहे त्यास कारखान्यांत कोणी सहसा फसवूं शकत नाहीं.

आतां काटकसरीविषयीं. पुष्कळ मंडळी केवळ प्लेट बदलतात, किंवा जुन्या प्लेटीलाच नवें अस्तर ठोकून घेतात. आमच्या मतें ही काटकसर नव्हे. या कामांतील खरा खर्च गिअरबॉक्स उतरविण्याच्या मजुरीचा व गाडी बंद राहण्याचा असतो. तो एकदां केल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हीं तिन्ही एकदमच नवीं घालावीं, आणि फ्लायव्हीलच्या मध्यभागींचें पायलट बेअरिंग किंवा बुश हेंहि बदलावें. प्लेट तेलानें माखलेली निघाली तर क्रँकशाफ्टच्या मागल्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढल्या सीलमधून गळती आहे. ती बंद केल्यावांचून नवी प्लेट घालणें म्हणजे पाझरणाऱ्या बांधावर नुसती माती लोटण्यासारखें आहे.

काम मिस्तरीनें केलें तरी मालकानें जवळ उभें राहावें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. गाडी कठीण व सपाट जमिनीवर घेऊन भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणासहि खालीं शिरूं देऊं नये. गिअरबॉक्स एका माणसाला छातीवर झेलण्याजोगा नसतो, व या कामांत अपघात होतो तो बहुतकरून येथेंच. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वीं जोडावर खूण करून ठेवावी, म्हणजे तो पुन्हां त्याच स्थितींत बसून गाडी थरथरणार नाहीं. क्लचचा खालचा सिलिंडर नळीसकट बाजूस बांधून ठेवावा, व तो सुटा असतां कोणी पेडल दाबूं नये. दाबल्यास आंतील पिस्टन बाहेर उडतो. इंजिनास खालून लांकडी ठोकळ्याचा आधार द्यावा, स्टार्टर सोडावा, आणि मग गिअरबॉक्स सरळ रेषेंत मागें ओढावा. त्याचें वजन क्षणभरहि शाफ्टवर लोंबकळूं देऊं नये, नाहींतर प्लेटीचा मधला भाग वांकतो.

जुन्या प्लेटींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळें आंतील काळी धूळ हवेच्या झोतानें उडविण्याची सर्रास चाललेली पद्धत फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्यानेंच पुसावी. फ्लायव्हीलचें तोंड निरखून पाहावें. निळसर डाग व बारीक चरे असल्यास लेथवर अगदीं हलका हात फिरवून घ्यावा. खोल भेग असल्यास तें चाक टाकून द्यावें.

बसवितांना दोन चुका नेहमीं होतात. पहिली, प्लेट उलटी बसविणें. तिच्या मध्यभागीं स्प्रिंगांचा उंचवटा ज्या बाजूस अधिक असतो ती बाजू सामान्यतः गिअरबॉक्सकडे येते. प्लेटीवरील खूणहि पाहावी. उलटी बसल्यास क्लच सुटत नाहीं आणि सगळें काम पुन्हां उतरवावें लागतें. दुसरी, प्लेट मध्यावर न आणतां प्रेशर प्लेट आवळणें. यासाठीं भंगारांतील त्याच जातीच्या गिअरबॉक्सचा पुढला शाफ्ट फार उपयोगी पडतो. तो न मिळाल्यास सुताराकडून त्या मापाची लांकडी दांडी करून घेतली तरी चालते. प्रेशर प्लेटीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावे. शाफ्टच्या खांचांवर ग्रीस नखभरच लावावें, कारण जास्त झालेलें उडून अस्तरावर जातें. गिअरबॉक्स शेवटचें बोटभर अंतर शिरत नसेल तर बोल्ट आवळून त्यास ओढूं नये, त्यानें आवरणाचे कान तुटतात. गिअरमध्यें घालून मागला जोड किंचित् फिरवावा, म्हणजे खांचा जुळून तो आपोआप आंत जातो.

गाडी खालीं उतरविण्याआधीं गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहावी, नळींतील हवा काढावी व पेडलाची चाल जुळवावी. पहिले पांचशें किलोमीटर अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसेपर्यंत भरगच्च ओझें घालूं नये आणि घाटाच्या वाटेस जाऊं नये. तारेची रचना असल्यास या मुदतीनंतर मोकळी चाल पुन्हां एकदां मोजावी, कारण आरंभींची झीज थोडी जलद होते.