रक्ताने कुठे गोठायचं?

नागपुरात कुठलंही ऑपरेशन ठरलं की धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या लॅबमध्ये बोट टोचून घ्यावं लागतं आणि संध्याकाळी हातात कागद पडतो. बीटी अमुक, सीटी तमुक. म्हणजे रक्त वाहायचं थांबायला किती वेळ लागला आणि गोठायला किती. दोन्ही आकडे नॉर्मल दिसले की घरचे निर्धास्त होतात.

हा कागद अर्धाच प्रश्न विचारतो. कापल्यावर रक्त थांबेल का? उरलेला अर्धा प्रश्न असा: जिथे काही कापलंच नाही तिथे ते गोठून बसणार नाही ना? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काचेची नळी देत नाही. आणि ती किती फसवू शकते!

१९५३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जॉन हेगमन नावाचा रेल्वे कामगार ऑपरेशनसाठी दाखल झाला. नेहमीची तपासणी केली, तर नळीतलं रक्त गोठेचना. डॉक्टर चक्रावले, कारण या माणसाला उभ्या आयुष्यात रक्तस्रावाचा त्रास झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्याच्या रक्तात एक प्रथिनच नसल्याचं निघालं. त्या प्रथिनाला रुग्णाचं नाव मिळालं: हेगमन फॅक्टर, यादीतला बारावा. पुढे १९६८ मध्ये हेगमन पडले, कमरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले आणि गेले. कशाने? फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून. ज्या माणसाचं रक्त नळीत गोठत नव्हतं, त्याचा जीव रक्त गोठल्यामुळे गेला!

मग शरीरात रक्त गोठतं तरी कसं? गोठायचं सगळं सामान रक्तात चोवीस तास विरघळलेल्या अवस्थेत फिरत असतं. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन तर दर लिटरला दोन ते चार ग्रॅम. थ्रॉम्बिन नावाच्या एन्झाइमने त्याचे छोटे तुकडे छाटले, की उरलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे होतात आणि धाग्यांचं जाळं. थ्रॉम्बिन एरवी निष्क्रिय रूपात असतं. ते जागं व्हायला ठिणगी लागते आणि ती ठिणगी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर बसवलेली असते. टिश्यू फॅक्टर म्हणतात तिला. भिंत फाटली, रक्त बाहेर आलं, ठिणगीला भिडलं, की पुढची साखळी सुरू. किती साधी आणि किती हुशार मांडणी! (या साखळीतल्या घटकांना एक ते तेरा असे रोमन आकडे दिलेत. त्यात सहावा नाहीच. तो म्हणजे पाचव्याचंच बदललेलं रूप निघालं, आणि आकडा कायमचा रिकामा राहिला.)

खरी कमाल पुढे आहे. हेच थ्रॉम्बिन वाहत वाहत धडधाकट भिंतीपाशी पोचलं, की तिथला थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचा रेणू त्याला धरतो. धरल्याबरोबर थ्रॉम्बिन पक्ष बदलतं. आता ते जाळं विणत नाही. उलट प्रोटीन-सी नावाच्या प्रथिनाला जागं करून गोठण्याची साखळी तोडायला लावतं. जखमेवर गोठवणारं आणि जखमेपासून चार पावलांवर गोठणं थांबवणारं एन्झाइम एकच. कुणी सुचवलं असेल हे!

हा तोल कधी ढळतो? याचं उत्तर ज्या त्रयीत सांगतात तिला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांचं नाव आहे. फुप्फुसात सापडणारी गाठ तिथे तयार झालेली नसून पायाच्या शिरांतून वाहत आलेली असते, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. त्रयी अशी: रक्ताचा वेग मंदावणं, वाहिनीची भिंत दुखावणं, रक्ताचा स्वतःचा स्वभाव गोठण्याकडे झुकणं. यातलं एक घडलं तर शरीर बहुधा सांभाळून घेतं. तिन्ही एकाच दुपारी घडवून आणली तर?

वेगाकडे पाहू. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं कसं? हृदयाचा रेटा तिथवर पोचेपर्यंत फार उरत नाही. काम करते ती पोटरी. पोटरी म्हणजे पायातली हापशी. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पण गंमत बघा, या झडपांच्या मागे जे इवले खिसे असतात तिथेच रक्त घुटमळतं, तिथेच प्राणवायू कमी पडतो आणि गाठीची पहिली गुठळी बहुतेकदा तिथेच बसते. भूल दिली की पोटरी थांबते. एक तास, तीन तास, पाच तास.

आता कॉस्मेटिक सर्जरीकडे येऊ. बाळंतपणांनंतर सैल पडलेलं पोट घट्ट करायचं, म्हणजे टमी टक. कमरेची चरबी ओढून काढायची, म्हणजे लायपोसक्शन. जोडीला स्तनांची शस्त्रक्रिया. तिन्ही एका बैठकीत केली की जाहिरातीत त्याला ‘मम्मी मेकओव्हर’ म्हणतात. एकत्र करण्यामागचा विचार खुळा नाही. भूल एकदाच, सुट्टी एकदाच, बिल एकदाच, आणि सासूबाईंना सांगायचं कारणही एकच.

शरीर मात्र अशी बेरीज करत नाही. लायपोसक्शनची नळी चरबीत मागेपुढे फिरते तेव्हा असंख्य बारीक वाहिन्या दुखावतात आणि ठिणग्या उघड्या पडतात. टमी टकमध्ये पोटाचे ताणलेले उभे स्नायू मधोमध ओढून शिवतात. त्याने पोटाच्या आतला दाब वाढतो, आणि पायांतून वर येणाऱ्या मोठ्या शिरा त्याच पोटातून जातात. वरून पट्टा. टाके ताणू नयेत म्हणून पुढचे काही दिवस कमरेत वाकून चालणं, पाय दुमडून पडणं. इकडे ऑपरेशनच्या धक्क्याने रक्ताचा स्वभावही काही दिवस गोठण्याकडे झुकलेला. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया ज्या तीन गोष्टी बिघडवते, त्याच दुसरी आणखी बिघडवते, आणि शिवाय टेबलावरचा वेळ वाढवते.

आकडे काय सांगतात? १९७७ मध्ये ग्रेझर आणि गोल्डविन या सर्जनांनी अमेरिकेत १०,४९० टमी टकचा आढावा घेतला. पायात गाठ झालेले १.१ टक्के, फुप्फुसात गाठ अडकलेले ०.८ टक्के. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्या प्रकारच्या कॉस्मेटिक सर्जरीचे १,२९,००७ रुग्ण होते. गाठीचं प्रमाण दहा हजारांत साधारण नऊ, पण एकाहून जास्त शस्त्रक्रिया एकत्र केलेल्यांत धोका दुपटीहून अधिक. फ्लोरिडा राज्यात तर २००४ मध्ये डॉक्टरांच्या खासगी क्लिनिकमध्ये टमी टक आणि लायपोसक्शन एकत्र करायला ९० दिवस बंदी घातली गेली होती. दहा हजारांत नऊ म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाच्या बाबतीत मीही तसंच म्हटलं असतं. इथे टेबलावर चालत गेलेला माणूस धडधाकट असतो, हा फरक मला मोठा वाटतो.

आणि पायातली गाठ थेट फुप्फुसातच का जाते? मध्ये कुठे अडकत का नाही? कारण पायापासून हृदयाकडे जाताना शिरा रुंदच होत जातात. पोटरीची शीर, मांडीची, मग पोटातली अंगठ्याहून जाड महाशीर, मग हृदयाचे उजवे कप्पे. सगळा रस्ता मोकळा. हृदयातून फुप्फुसात शिरल्यावर वाहिन्या पहिल्यांदा बारीक होऊ लागतात, आणि गाठ तिथे बसते. जी रचना आपलं रक्त विनाअडथळा परत आणते, तीच गाठीला वाट करून देते.

नागपूरकरांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९५० च्या दशकात या शहरात दोन गोष्टी घडल्या. इथल्या मेडिकलमध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी तो एक. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांची त्यांनी केलेली मांडणी आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून शिकवतात. त्याच दशकात, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकल सेल असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. विदर्भात सिकल सेल किती पसरलेला आहे ते आज आशाताईंपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण सिकल सेलच्या रक्ताचा कल गोठण्याकडे असतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? आजार असलेल्यांत तर तो असतोच. अमेरिकेतल्या अभ्यासांत नुसत्या वाहकांमध्येही, ज्यांना एरवी काही त्रास नसतो, फुप्फुसातल्या गाठीचा धोका वाढलेला दिसला. चक्रावून टाकणारी बाब म्हणजे त्यांच्या पायातल्या गाठींचं प्रमाण मात्र तसं वाढलेलं दिसलं नाही! तेव्हा इथे बीटी-सीटीच्या कागदासोबत सिकलिंगची तपासणी करून घेणं ही चैन नव्हे.

धोका मोजायची एक पद्धत आहे. अमेरिकी सर्जन जोसेफ कॅप्रिनी यांची गुणपत्रिका. वय ४१ ते ६० असेल तर एक गुण. पंचेचाळीस मिनिटांहून लांबलेलं मोठं ऑपरेशन, दोन. पायांत फुगलेल्या शिरा, एक. पूर्वी कधी गाठ झालेली असेल तर तीन. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एक. इथे जरा थांबतो. गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या दुकानातून आणून घेतात, त्यातलं औषध शरीरात थोड्या प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं सर्जनने विचारलं की या गोळ्या कुणाच्या तोंडून निघत नाहीत, कारण त्यांना कुणी औषध समजतच नाही. सांगा.

गुण जास्त झाले की उपाय दोन. एक, ऑपरेशनं वेगवेगळ्या तारखांना करणं. दुसरा, हेपारिनच्या जातीतलं इंजेक्शन, जे आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून बनतं. ते दिलं की गाठीचा धोका घटतो, पण नुकत्याच उचललेल्या त्वचेखाली रक्त साचू शकतं आणि ती त्वचा धोक्यात येते. म्हणजे सर्जनलाही तोच तोल साधायचा आहे जो शरीर स्वतः साधत असतं, फक्त त्याच्या हाती थ्रॉम्बोमोड्युलिनइतकं चतुर साधन नाही.

बहुतेक गाठी घरी गेल्यावर डोकं वर काढतात, पहिल्या काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. आणि घरी काय चालतं? ‘ऑपरेशन झालंय, उठू नको, पाणी हातात देते.’ हे प्रेम पोटरीच्या मुळावर येतं. नागपूरला ऑपरेशन करून समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर मुंबईकडे निघालेल्यांनी तर वाटेत उतरून चाललंच पाहिजे. एका पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणं, धाप, छातीत कळ: यातलं काही जाणवलं तर सकाळची वाट बघू नये.

टेबलावर असताना पोटरीला चालवता येत नाही, म्हणून तिच्याभोवती हवेच्या पिशव्या बांधतात. यंत्र त्या फुगवतं, सोडतं, फुगवतं, सोडतं. झोपलेल्या माणसाची पोटरी बाहेरून दाबून रक्त वर ढकलायचं, इतकी सरळ कल्पना. पण १९७६ मध्ये नाइट आणि डॉसन या इंग्रज डॉक्टरांनी एक अजब प्रयोग केला. त्यांनी त्या पिशव्या रुग्णांच्या पायांना न बांधता दंडाकडे, हातांना बांधल्या. दाबले गेले हात, आणि गाठी कमी झाल्या पायांतल्या! रक्त ढकलण्याने हे कसं व्हावं? त्यांचा निष्कर्ष असा की वाहिनी दाबली गेली की तिची भिंत गाठ विरघळवणारी द्रव्यं रक्तात सोडते, आणि रक्त ती सगळीकडे नेतं, थेट पोटरीतल्या झडपेमागच्या खिशापर्यंत.