स्थायीभाव आणि सहजप्रवृत्ती

के. ना. वाटवे ह्यांनी 'रसविमर्श' (१९४२) ह्या ग्रंथात रससिद्धांत आधुनिक मानसशास्त्राच्या कसोटीस लावला. त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो: स्थायीभाव म्हणजे सहजप्रवृत्तीशी जडलेली भावनाच काय?

मॅक्डुगलने १९०८ साली प्रमुख सहजप्रवृत्तींशी एकेक मूलभावना निगडित केली : पलायनाशी भय, युयुत्सेशी क्रोध, जिज्ञासेशी विस्मय, तिटकाऱ्याशी जुगुप्सा. हे चारही भाव भरताच्या आठ स्थायींत आहेत. साम्य विलोभनीय खरे. परंतु करुणरसाचा आधार जो शोक, तो मॅक्डुगलच्या मते मूलभावना नसून संमिश्र भावना आहे. मग भरत चुकला असे म्हणावयाचे काय?

तसे नाही. मानसशास्त्रज्ञ भावनेचे उगमस्थान शोधतो. नाट्याचार्य तिची धारणाशक्ती पाहतो. चिंता, दैन्य, स्मृती, निर्वेद इत्यादी व्यभिचारी भाव येतात आणि जातात; त्यांना पोटात घेऊन जो प्रयोगभर टिकतो, तो स्थायी. शोकाला हे पद लाभते ते ह्याच सामर्थ्यामुळे; तो मूळ आहे की मिश्र, हा प्रश्न येथे गौण होय. म्हणूनच 'स्थायीभावा'च्या जागी 'सहजप्रवृत्ती' योजणारा अनुवादक नुसता शब्द बदलीत नाही. तो शास्त्राचा प्रश्नच बदलतो.