उतरत्या पाण्यातला लव्हाळा

उमरेडच्या आसपासच्या जुन्या मालगुजारी तलावांचं पाणी दिवाळीनंतर उतरू लागतं. वरच्या अंगाला गाळपेरीची जमीन उघडी पडते, खोलात कमळं असतात आणि मधल्या गुडघाभर पाण्यात बिनपानाच्या हिरव्या काड्या दाट उभ्या राहतात. अशा काड्यांना लोक सर्रास गवत म्हणतात. पण त्यांतली एलिओकॅरिस डल्सिस ही वनस्पती लव्हाळ्याच्या कुळातली. नागरमोथा आणि इजिप्तचा पपायरस तिचे भाऊबंद.

हिची पानं बुडाशी पातळ आवरणापुरती उरली आहेत. अन्न तयार करते ती काडीच. काडी आतून पोकळ, पण आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेली. बोटांत दाबली की कप्पे फुटल्याचा आवाज येतो. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तो काडीतूनच मुळांपर्यंत पोचतो. त्यातला थोडा बाहेर झिरपतो, चिखलातलं लोह गंजतं आणि पाणवनस्पतींच्या मुळांवर अनेकदा तांबूस थर चढतो. याच गोतातली अमेरिकेतली एलिओकॅरिस व्हिव्हिपारा तर त्याहून अचाट. जमिनीवर ती मका-ऊस वापरतात त्या सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते, पाण्याखाली भाताच्या सी-३ पद्धतीने. जपानी संशोधकांनी हे १९८८ मध्ये दाखवून दिलं.

आपल्या लव्हाळ्याची खरी पुंजी मात्र चिखलात असते. धावत्या फुटव्यांच्या टोकांना गोलसर कंद धरतात, कोरडा उन्हाळा काढतात आणि पावसाळ्यात फुटतात. चीनमध्ये त्यांची शेती होते. सारस ते उकरून खातो. काड्यांच्या दाटीत माशांची पिल्लं लपतात.

या सगळ्याला हवा असतो सौम्य उतार. गाळ काढताना जेसीबीने काठ उभा कापला, की उथळ पट्टाच संपतो आणि कंद गाळासोबत शेतात जातात. उरल्या काठावर बेशरम हे परकं झुडूप माजतं. भंडारा-गोंदियात तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर, पतिराम तुमसरे आणि ढीवर मच्छीमारांनी उलटी वाट धरली: बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यांत हा लव्हाळाही होता.

उमरेडकडेही गाळ काढावाच. तलावात पाणी साठायला हवं. पण एका बाजूचा उतार तसाच राखावा, आणि जिथे खोदायचं तिथला कंदांचा वरचा थर आधी बाजूला काढून पावसाआधी त्या उतारावर पसरावा. एवढ्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. फक्त जेसीबी उतरण्याआधी गावातल्या ढीवरांना काठावर बोलवायला हवं.