रबराच्या झाडाचा चीक का आटतो?

आकुर्डी-चाकण पट्ट्यातल्या गाड्यांच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर लागतंच. पण त्याचं झाड इथे दिसत नाही. त्यासाठी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला जावं. तिथे केरळहून आलेल्या बागायतदारांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत.

पहाटे सालीवर तिरका काप घेतात, कारण तेव्हा चीकनळ्यांत दाब भरपूर असतो. पांढरी धार कापाच्या कडेनं उतरून वाटीत पडते. काही तासांनी चिकातले ल्युटॉइड नावाचे सूक्ष्म कण फुटून नळ्यांच्या तोंडाशी गुठळी धरते आणि धार थांबते. हे निरोगी झाडाचं लक्षण.

काळजी करावी ती काप सुकण्याची. आधी कापाचा तुकडाच कोरडा राहतो, मग पूर्ण काप. पुढे आतली साल तपकिरी पडून तडकते. यामागे कुठला एकच जंतू ठरलेला नाही. मुख्य कारण माणसाची हाव: रोजच्या रोज काप आणि धार लांबवणाऱ्या इथेफॉनचा जादा मारा. गेलेला चीक भरून काढायला झाडाला उसंतच मिळत नाही. भरघोस चीक देणारी आरआरआयआय १०५ ही जात तर याला लवकर बळी पडते.

बागायतदारांनो, कोरडी पट्टी दिसली की इथेफॉन वाढवू नका. काप थांबवा, झाडाला विश्रांती द्या.