कोळसा-वायूच्या इंजिनात वाया जाणाऱ्या उष्णतेचा फेरवापर

इंधनाची बचत म्हणजेच इंधनाची निर्मिती होय. लोणारी कोळशापासून वायू तयार करून त्यावर इंजिन चालविण्याच्या तंत्राला हे सूत्र विशेष लागू पडते. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळसा पाडण्यासाठी सर्वसाधारणपणे चार ते सहा किलो लाकूड खर्ची पडते. म्हणून इंजिनाच्या ठिकाणी वाचविलेला प्रत्येक किलो कोळसा रानातील कित्येक किलो लाकूड वाचवितो. ही बचत इंजिनाच्या धुराड्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचा व वायूंचा पुन्हा उपयोग करून कशी साधता येते, याचा येथे परिचय करून दिला आहे.

तंत्र जुने, गरज नवी

कोळसा-वायूचे तंत्र नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांत, पेट्रोलची आयात खुंटल्यामुळे युरोपातील अनेक देशांनी त्याचा आश्रय घेतला. एकट्या स्वीडनमध्ये सत्तर हजारांहून अधिक वाहने लाकूड व कोळशाच्या वायूवर धावत होती. भारतातही पेट्रोलवर नियंत्रण असताना मोटारगाड्यांना कोळशाच्या उभ्या टाक्या जोडलेल्या दिसत. युद्ध संपले, पेट्रोल मुबलक झाले आणि या टाक्या अडगळीत गेल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर संशोधकांचे लक्ष पुन्हा या विषयाकडे वळले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत लाकडाच्या वायूवर, तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाच्या पाचटासारख्या हलक्या जैवपदार्थांच्या वायूवर काम झाले.

भट्टीच्या पोटात काय घडते?

वायुसंयंत्र म्हणजे मूलतः कोळशाने भरलेली एक बंद टाकी. इंजिनाच्या ओढीमुळे तोटीतून हवा आत शिरते. तोटीच्या तोंडाशी हवेतील प्राणवायू व कोळसा यांचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो व प्रचंड उष्णता निर्माण होते. हा तप्त वायू पुढील धगधगत्या कोळशातून जाताना त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. हाच ज्वलनशील वायू थंड व स्वच्छ करून इंजिनाला पुरविला जातो. पहिली क्रिया उष्णता देणारी, तर दुसरी उष्णता शोषणारी आहे.

या दोन क्रियांचा हिशेब मांडला असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. केवळ हवेवर चालणाऱ्या संयंत्रात कोळशातील शंभर भाग ऊर्जेपैकी सुमारे ७२ भागच वायूत उतरतात. उरलेले २८ भाग उष्णतेच्या रूपाने संयंत्रातच राहतात व वायू थंड करताना वाया जातात. ही शिल्लक उष्णता निरुपयोगी तर असतेच, शिवाय उपद्रवीही ठरते. तोटीजवळचे तापमान अतोनात वाढून राख वितळते, तिचे खंगर बनून वायूचा मार्ग अडतो आणि तोटीही जळून जाते.

इंजिनाकडेही अपव्यय होतच असतो. इंजिनाला मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच शक्तीच्या रूपाने हाती येतो. सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून निष्कास वायूबरोबर निघून जाते. या वायूचे तापमान बहुधा ४०० ते ६०० अंश सेल्सिअस असते.

निष्कास वायूचा उपयोग

निष्कास वायू हा जळून गेलेला वायू असल्यामुळे निरुपयोगी मानला जातो. परंतु संयंत्राच्या दृष्टीने तसे नाही. कोळसा-वायू इंजिनात पूर्णपणे व बेताच्या हवेत जळाला, तर निष्कास वायूत सुमारे २१ टक्के कार्बन डायऑक्साइड व उरलेला बहुतेक नायट्रोजन असतो. हवेतही प्राणवायू जवळजवळ २१ टक्केच असतो. हा वायू हवेबरोबर पुन्हा भट्टीत सोडला, तर त्यातील कार्बन डायऑक्साइड तप्त कोळशाशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. एकदा जळालेला कार्बन अशा रीतीने पुन्हा इंधन बनतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता अन्यथा वाया जाणाऱ्या त्या २८ भागांतून मिळते.

चार भाग हवा व एक भाग निष्कास वायू असे प्रमाण घेतले, तर कागदावरील हिशेबाप्रमाणे कार्यक्षमता ७२ वरून सुमारे ८० टक्क्यांवर जाते. दुसऱ्या शब्दांत, तेवढाच ज्वलनशील वायू मिळविण्यासाठी दहा किलोंऐवजी नऊ किलो कोळसा पुरतो. प्रत्यक्षात टाकीच्या भिंतींतून उष्णता जात असल्यामुळे लाभ यापेक्षा कमी पडतो. मात्र तोटी थंड राहणे व खंगर कमी होणे हा दुसरा लाभ निश्चितपणे पदरात पडतो.

पाण्याची वाफ

दुसरा मार्ग वाफेचा आहे. धुराड्याभोवती बसविलेल्या लहान पात्रात थेंब थेंब पाणी सोडले, तर निष्कास वायूच्या उष्णतेने त्याची वाफ होते. ती हवेबरोबर भट्टीत गेली की तप्त कोळशाच्या संयोगाने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे दोन्ही ज्वलनशील वायू मिळतात. वाफेबरोबर नायट्रोजन येत नसल्याने वायू अधिक कसदार होतो. पाण्याची वाफ करण्यास मोठी उष्णता लागते. ती भट्टीऐवजी धुराड्यातून घेणे हेच या योजनेचे मर्म आहे.

आत येणारी हवा निष्कास वायूच्या उष्णतेने तापविणे हा तिसरा उपाय होय. मात्र हवा नुसतीच तापविल्यास तोटीजवळची आग आणखी भडकते व खंगराचा त्रास वाढतो. म्हणून तापविलेल्या हवेला वाफेची किंवा निष्कास वायूची जोड देणे आवश्यक ठरते.

प्रमाण व दक्षता

या सर्व उपायांचे यश प्रमाणावर अवलंबून आहे. निष्कास वायू किंवा वाफ जास्त झाल्यास निखारे मंदावतात, कार्बन डायऑक्साइड न बदलताच पुढे जातो, वायू पातळ होतो आणि इंजिन बंद पडते. यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. संयंत्र प्रथम केवळ हवेवर पेटवावे. निखारे पूर्ण धगधगल्यावरच निष्कास वायूची झडप हळूहळू उघडावी.

२. निष्कास वायूची नळी दाबाने न जोडता, संयंत्राने गरजेपुरता वायू स्वतः ओढून घ्यावा अशी रचना असावी. भट्टीत बाहेरून दाब आल्यास विषारी वायू सांध्यांतून गळतो.

३. निष्कास वायूतील ओलाव्यामुळे नळ्या गंजतात. त्यांची वेळोवेळी तपासणी करावी.

४. कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. हवेत हजारात एक-दोन भाग मिसळला तरी तो जीवघेणा ठरू शकतो. संयंत्र नेहमी उघड्यावर किंवा हवेशीर छपरीत असावे. इंजिन थांबविल्यानंतरही काही काळ वायू तयार होत राहतो, हे विसरू नये.

गावाच्या दृष्टीने विचार

वीज वा सौर पंप सोयीने उपलब्ध असेल तेथे कोळसा-वायूचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु दुर्गम वस्तीतील पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याचे राखीव इंजिन अशा कामी ते उपयुक्त ठरू शकते. कोळशासाठी उभी झाडे तोडली जाऊ नयेत, ही त्यासाठीची पहिली अट होय. वेडी बाभूळ, छाटणीच्या फांद्या व शेतातील टाकाऊ पदार्थ यांचा विचार आधी व्हावा. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली असून तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. अशा कोळशात राख अधिक असल्याने तोटीजवळचे तापमान आवरणे अधिकच अगत्याचे ठरते.

शिक्षकांना या विषयात उष्णता देणाऱ्या व शोषणाऱ्या रासायनिक क्रियांचे जिवंत उदाहरण मिळेल. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी असे संयंत्र घेताना तासाला किती कोळसा जळतो, तो कोठून येतो आणि धुराड्यातील उष्णतेचा काय उपयोग केला आहे, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच गावाचे इंजिन गावाच्या रानावर भार न टाकता चालू शकेल.